जुन्या लॅपटॉपचा घरगुती बॅकअप सर्व्हर: उभारणी, देखरेख आणि रिस्टोरची चाचणी

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नियमित सपोर्ट थांबवला आणि विंडोज ११च्या अटींत न बसणारे कितीतरी लॅपटॉप धडधाकट असूनही कपाटात जाऊन पडले. प्रोग्रामिंग करणाऱ्याच्या घरात असा एखादा लॅपटॉप असेल, तर माझ्या मते त्याचा पहिला उपयोग एकच असावा: घरातल्या सगळ्या कामाचा रोज आपोआप बॅकअप घेणारा, चोवीस तास चालणारा छोटा सर्व्हर. जाहिराती अडवणारी डीएनएस सेवा, चित्रपटांचा संग्रह, स्वतःचे गिट होस्टिंग अशा हौशी प्रयोगांना त्यावर नंतर जागा मिळेलच. पण ते प्रयोग करताना काही बिघडले तरी मूळ काम सुरक्षित राहावे, यासाठी बॅकअपचा पाया आधी घातलेला बरा. बॅकअप घेणे हा या कामातला सोपा भाग आहे. घेतलेला बॅकअप गरजेच्या दिवशी खरोखर परत मिळतो का, याची खात्री करून घेणे अवघड आहे, आणि या लेखातला बहुतेक भर त्यावरच आहे.

लॅपटॉपची निवड आणि तयारी

चौसष्ट बिटांचा प्रोसेसर आणि चार जीबी रॅम एवढे असले तरी या कामाला पुरते. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेली डेबियन या लिनक्स प्रणालीची १३ ही आवृत्ती बत्तीस बिटांच्या पीसीवर नव्याने इन्स्टॉल करता येत नाही, त्यामुळे फार जुने यंत्र असेल तर प्रोसेसर आधी तपासावा. सर्व्हरसाठी मी डेबियनच सुचवतो, कारण ते वर्षानुवर्षे न हलवता चालते आणि सुरक्षेचे अपडेट आपोआप बसवण्याची सोय त्यात आहे. इन्स्टॉल करताना डेस्कटॉप निवडू नये. एसएसएच सर्व्हर (दुसऱ्या यंत्रावरून सुरक्षित लॉगिन करू देणारा) आणि मूलभूत साधने एवढेच घ्यावे.

रास्पबेरी पायसारखा छोटा बोर्ड विकत घेण्यापेक्षा जुना लॅपटॉप मला अधिक पसंत आहे, आणि त्याचे मुख्य कारण बॅटरी. आपल्याकडे वीज अधूनमधून जाते, देखभालीसाठी ठरवूनही बंद ठेवली जाते. लॅपटॉपची बॅटरी अर्धा तास जरी टिकत असली तरी डिस्कवर लिहिणे चालू असताना यंत्र अचानक बंद पडण्याचा धोका टळतो. बहुतेक लॅपटॉपांत वीज परत आल्यावर आपोआप सुरू होण्याची सेटिंग नसते, म्हणून बॅटरी पूर्ण मेलेली असेल तर प्रत्येक वेळी कोणीतरी जाऊन बटण दाबावे लागेल, हेही लक्षात घ्यावे. बॅटरी पंधरा टक्क्यांखाली गेली की यंत्र नीट बंद करणारी चार ओळींची स्क्रिप्ट दर पाच मिनिटांनी चालवली की पुरे; बॅटरीची टक्केवारी लिनक्स एका साध्या फाइलमध्ये ठेवतो आणि ती वाचणे सोपे असते.

बॅटरी फुगलेली दिसली, टचपॅड वर उचलल्यासारखा वाटला किंवा झाकण नीट बसेनासे झाले, तर ती बॅटरी वापरूच नये. चांगली असेल तर ती कायम शंभर टक्के भरलेली ठेवू नये, कारण लिथियम-आयन बॅटरी पूर्ण भरलेल्या अवस्थेत आणि उष्णतेत लवकर झिजते. थिंकपॅडसारख्या अनेक लॅपटॉपांत टीएलपी या साधनाने चार्जिंगची वरची मर्यादा साठ किंवा ऐंशी टक्क्यांवर ठेवता येते. झाकण मिटल्यावर यंत्र झोपी जाऊ नये म्हणून सिस्टमडीच्या (लिनक्समधल्या सेवा सुरू करणाऱ्या व्यवस्थेच्या) लॉगिन सेवेच्या कॉन्फिग फाइलमध्ये झाकणाविषयीची ओळ शोधून तिथे 'इग्नोर' लिहावे. तरीही झाकण थोडे उघडे ठेवलेले बरे, कारण काही मॉडेलांत उष्णता कीबोर्डमधूनच बाहेर पडते.

विजेचा हिशेब अनेकांना सतावतो, म्हणून तोही मांडतो. स्क्रीन बंद असलेला, विशेष काम नसलेला जुना लॅपटॉप साधारण दहा ते वीस वॉट घेतो. पंधरा वॉट धरले तर चोवीस तास आणि तीस दिवसांचे १०.८ युनिट होतात. आपल्या दराने गुणून पाहावे. मला हा खर्च रास्त वाटतो.

यंत्रातली आणि बाहेरून जोडायची, अशा दोन्ही डिस्क आधी स्मार्टमॉनटूल्स या डिस्कचे आरोग्य सांगणाऱ्या साधनाने तपासून घ्याव्यात. हार्ड डिस्कच्या अहवालात तीन आकडे पाहायचे असतात: क्रमांक ५ म्हणजे बदली केलेले सेक्टर, क्रमांक १९७ म्हणजे वाचता न आल्यामुळे प्रलंबित असलेले सेक्टर आणि क्रमांक १९८ म्हणजे दुरुस्त न होणारे सेक्टर. या तिन्हींपुढे कच्चा आकडा शून्य असावा. १९७ शून्याहून अधिक असेल आणि वाढत असेल, तर ती डिस्क बॅकअपला घेऊ नये, मग ती कितीही मोठी असो. नंतर लांब पल्ल्याची चाचणी लावावी. तिला काही तास लागतात, म्हणून रात्री सुरू करावी.

नेटवर्क आणि प्रवेश

सर्व्हर वायफायवर न ठेवता केबलने राउटरला जोडावा. इंटरनेट कंपन्यांनी दिलेल्या कित्येक राउटरांचे पोर्ट शंभर मेगाबिटचेच असतात आणि त्यातून प्रत्यक्षात सेकंदाला अकरा-बारा मेगाबाइट एवढेच जातात. म्हणजे पाचशे जीबींच्या पहिल्या बॅकअपला बारा तासांहून अधिक वेळ लागेल. पोर्ट गीगाबिटचा असूनही वेग शंभरवरच अडत असेल, तर केबलच्या चारही जोड्या जोडलेल्या आहेत का ते पाहावे. राउटरच्या डीएचसीपी (यंत्रांना पत्ते वाटणाऱ्या) सेटिंगमध्ये सर्व्हरच्या मॅक पत्त्याला एक कायमचा आयपी राखून ठेवावा, नाहीतर राउटर बंद-चालू झाल्यावर पत्ता बदलतो आणि बॅकअप सर्व्हरच्या शोधात थांबून राहतो. राउटरसाठी बारा व्होल्टचा छोटा यूपीएस घेतला तर वीज गेल्यावरही घरातले नेटवर्क टिकते.

प्रवेशासाठी एसएसएचची की-जोडी वापरावी आणि पासवर्डने लॉगिन करणे बंद करावे. हा बदल करताना आधीचे चालू सत्र तसेच उघडे ठेवून, दुसऱ्या खिडकीतून नव्याने लॉगिन होते हे पाहिल्यावरच पहिले बंद करावे. सर्व्हर घराबाहेरून वापरायचा असेल, तर राउटरवर पोर्ट उघडण्याच्या फंदात पडू नये. भारतातल्या बऱ्याच जोडण्यांवर कंपनी अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवते. राउटरच्या बाहेरच्या बाजूचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात दिसला तर आपलीही जोडणी तशीच आहे, आणि पोर्ट उघडूनही उपयोग होणार नाही. अशा वेळी वायरगार्ड या व्हीपीएन तंत्रावर आधारलेले टेलस्केल हे साधन दोन्ही यंत्रांवर बसवले की काम भागते.

बॅकअपमध्ये काय जाते आणि काय राहून जाते

कोड गिटवर ढकललेला आहे, मग बॅकअप कशाला, असा प्रश्न प्रोग्रामर हमखास विचारतात. गिटवर गेलेला कोड सुरक्षित असतोच. पण कमिट न केलेले बदल, स्टॅशमध्ये ठेवलेले तुकडे, फक्त आपल्या यंत्रावर असलेल्या शाखा, गिटइग्नोरमध्ये मुद्दाम घातलेल्या एन्व्हायर्न्मेंट फाइल, एसएसएचच्या की, एडिटरच्या सेटिंग, डॉकरच्या व्हॉल्यूममधला डेटा आणि चाचणीसाठी महिनोन्महिने जमवलेला स्थानिक डेटाबेस यांपैकी काहीही तिथे नसते. नवीन यंत्रावर काम पुन्हा सुरू करताना खरा वेळ याच गोष्टी गोळा करण्यात जातो. उलट नोड मॉड्यूल्स, पायथनची आभासी वातावरणे आणि बिल्डची फोल्डरे वगळावीत. ती पुन्हा तयार होतात आणि लाखो बारीक फाइलींमुळे बॅकअप रेंगाळतो.

चालू असलेल्या डेटाबेसच्या फाइली नुसत्या कॉपी करणे धोक्याचे आहे. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या फाइली लिहिणे चालू असताना उचलल्या तर त्यांचा आपसांत मेळ राहत नाही. म्हणून बॅकअपच्या आधी पीजी-डम्प हे त्याचे प्रत काढणारे साधन चालवून निघालेली फाइल बॅकअपमध्ये घ्यावी. पीजी-डम्प एका डेटाबेसपुरता असतो आणि वापरकर्ते व त्यांचे अधिकार त्यात येत नाहीत. ते पीजी-डम्पऑलने वेगळे काढावे लागतात. एसक्यूलाइटसाठी तिच्या कमांड-लाइन साधनातच बॅकअपची आज्ञा आहे, ती वापरावी.

सिंकथिंगसारखे साधन म्हणजे बॅकअप नव्हे, हेही इथेच स्पष्ट करतो. ते दोन ठिकाणची फोल्डरे एकसारखी ठेवते, त्यामुळे एका बाजूला पुसलेली फाइल थोड्याच वेळात दुसऱ्या बाजूलाही पुसली जाते. आरसिंक या फाइली कॉपी करणाऱ्या साधनाची आरशासारखी प्रतही तशीच वागते. ॲन्ड्रयू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी १९९६ साली आणलेले हे साधन आजही उत्कृष्ट आहे. पण मागच्या मंगळवारची फाइल हवी असेल तर नुसत्या आरशाचा उपयोग नाही. आरसिंक वापरताना स्रोत फोल्डरच्या नावाच्या शेवटची तिरकी रेघ नीट पाहावी: रेघ असेल तर फोल्डरमधला मजकूर जातो, नसेल तर फोल्डरच जाते. पुसण्याच्या पर्यायासह चुकीची रेघ पडली तर पलीकडचे भलतेच पुसले जाऊ शकते, म्हणून आधी कोरडी फेरी (प्रत्यक्षात काही न बदलता चाचणी) मारून यादी वाचावी.

रेस्टिकची मांडणी

या सगळ्यासाठी मी रेस्टिक हे बॅकअपचे साधन सुचवतो. ते प्रत्येक वेळी स्नॅपशॉट (त्या क्षणीच्या फाइलींची नोंद) घेते, फाइलींचे तुकडे करून एकसारखा तुकडा एकदाच साठवते आणि सर्व काही एन्क्रिप्ट करूनच सर्व्हरवर पाठवते. लॅपटॉपवरून एसएफटीपीने (एसएसएचवरून फाइली पाठवण्याच्या पद्धतीने) सर्व्हरवर पाठवणे हा सर्वांत सोपा मार्ग आहे. त्यात एक उणीव आहे: लॅपटॉपवर रॅन्समवेअर शिरले तर त्याच की वापरून ते बॅकअपही पुसू शकते. म्हणून सर्व्हरवर रेस्ट-सर्व्हर हा रेस्टिकचाच जोडीदार बसवून तो केवळ भर घालू देणाऱ्या अवस्थेत चालवावा. मग लॅपटॉप नवे स्नॅपशॉट टाकू शकतो, जुने पुसू शकत नाही. जुन्यांची छाटणी सर्व्हरवर स्वतः लॉगिन करून करावी. सात रोजचे, चार आठवड्यांचे आणि बारा महिन्यांचे स्नॅपशॉट ठेवले तर बहुतेकांना पुरतात.

बाहेरची डिस्क जोडताना एक बारकावा आहे, आणि तो सुटला तर महिनोन्महिने लक्षात येत नाही. समजा, डिस्क 'बॅकअप' नावाच्या फोल्डरवर माउंट होते, म्हणजे त्या फोल्डरमधून दिसते. एके दिवशी यूएसबीची केबल सैल झाली आणि यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर डिस्क माउंट झाली नाही. फोल्डर मात्र तिथेच आहे, रिकामे. आरसिंकसारखे साधन, किंवा रिपॉझिटरी (रेस्टिकचा साठा) सापडली नाही तर नवी बनवणारी स्क्रिप्ट, त्या रिकाम्या फोल्डरमध्ये बिनतक्रार लिहू लागते, सर्व्हरची मूळ डिस्क भरत जाते आणि जुना सगळा इतिहास टेबलावरच्या डिस्कमध्ये न जोडलेला पडून राहतो. यावर तीन गोष्टी एकत्र कराव्यात. माउंटच्या यादीत डिस्क तिच्या यूयूआयडीने (कायमच्या ओळखक्रमांकाने) लिहावी आणि पुढे 'नोफेल' हा पर्याय द्यावा, म्हणजे डिस्क नसतानाही यंत्र सुरू होते. डिस्क जोडलेली नसताना त्या रिकाम्या फोल्डरला चॅटर या आज्ञेने अपरिवर्तनीय करावे, म्हणजे त्यात चुकूनही काही लिहिता येत नाही. शिवाय रेस्ट-सर्व्हरच्या सेवेच्या फाइलमध्ये हा माउंट असल्याशिवाय सुरू होऊ नये, अशी अट घालावी. नंतर मुद्दाम डिस्क काढून यंत्र पुन्हा सुरू करावे आणि बॅकअप अपयशी होतो हे डोळ्यांनी पाहावे.

देवनागरी फाइलनावांची अडचण

मराठीत फाइलनावे ठेवणाऱ्यांना एक अडचण येते आणि इंग्रजी मार्गदर्शिकांत तिचा उल्लेख सहसा नसतो. लिनक्सच्या ईएक्सटी४ या फाइलप्रणालीत एका नावाची मर्यादा २५५ बाइटांची आहे. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, आणि चिन्ह म्हणजे डोळ्यांना दिसणारे अक्षर नव्हे: मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षरातला हलन्त यांची वेगळी मोजणी होते. 'क्षेत्रफळ' या शब्दात दिसायला चार अक्षरे आहेत, पण त्यात नऊ चिन्हे आणि सत्तावीस बाइट असतात. त्यामुळे शुद्ध देवनागरी नावाची मर्यादा पंच्याऐंशी चिन्हांवर येते. विंडोजच्या एनटीएफएसवर ही मर्यादा २५५ यूटीएफ-१६ एककांची असते आणि तिथे देवनागरीचे एक चिन्ह म्हणजे एकच एकक, म्हणून शासकीय परिपत्रकांची लांबलचक नावे विंडोजवर सुखाने राहतात. रेस्टिक ती बॅकअपमध्येही तक्रार न करता घेते, कारण नाव त्याच्या स्वतःच्या नोंदीत साठते. खरी अडचण लिनक्सवर रिस्टोर करताना 'नाव फार लांब आहे' या त्रुटीने समोर येते. म्हणून ऐंशी चिन्हांहून मोठी नावे शोधणारी छोटी स्क्रिप्ट लिहून ती बॅकअपच्या आधी चालवावी.

दुसरी अडचण 'ऱ'ची. 'शेतकऱ्यांची यादी' या नावातला 'ऱ' युनिकोडमध्ये एकाच चिन्हाने लिहिता येतो, किंवा 'र' आणि त्याखालचा नुक्ता अशा दोन चिन्हांनी. शिवाय काही कीबोर्ड 'र', हलन्त आणि शून्य रुंदीचा जोडक असा तिसराच क्रम देतात. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात, पण लिनक्स नावे बाइटांनी तोलतो, म्हणून त्याच्या लेखी या तीन वेगळ्या फाइली आहेत. जुन्या मॅकवरची एचएफएस प्लस प्रणाली अशी चिन्हे सुटी करूनच साठवते, त्यामुळे मॅकवरून आलेल्या आणि विंडोजवरून आलेल्या त्याच नावाच्या दोन फाइली शेजारी शेजारी उभ्या राहतात. पायथनमधल्या युनिकोडडेटा या मॉड्यूलने सर्व नावे एनएफसी (जोडलेल्या चिन्हांच्या) रूपात आणली की पहिल्या दोन प्रकारांतला फरक मिटतो; जोडकाचा तिसरा प्रकार मात्र स्वतः शोधून बदलावा लागतो.

आपोआप चालणे आणि अपयश कळणे

लॅपटॉप ठरलेल्या वेळी चालू असेलच असे नाही, म्हणून क्रॉन या ठरलेल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या साधनाऐवजी सिस्टमडीचा टायमर वापरावा आणि त्यात 'पर्सिस्टंट' हा पर्याय चालू ठेवावा. मग चुकलेली फेरी यंत्र सुरू झाल्यावर लगेच होते. क्रॉनच वापरायचा असेल, तर त्याला आपल्या शेलमधला पाथ मिळत नाही, म्हणून प्रत्येक आज्ञेचा पूर्ण मार्ग लिहावा.

चालू बॅकअप बंद पडल्याचे आपल्याला कसे कळणार, हा प्रश्न मी सर्वांत महत्त्वाचा मानतो. कोड साठवणाऱ्या गिटलॅब डॉट कॉम या सेवेवर ३१ जानेवारी २०१७ रोजी एका अभियंत्याच्या हातून मुख्य डेटाबेसची डिरेक्टरी पुसली गेली, तेव्हा असे आढळले की पीजी-डम्पचे नियमित बॅकअप तयारच होत नव्हते: डेटाबेस पोस्टग्रेस ९.६चा होता आणि डम्पचे साधन ९.२चे चालत होते. अपयशाच्या सूचना ई-मेलने जायला हव्या होत्या, पण त्या ई-मेल डीमार्क या ई-मेलच्या खरेपणाच्या तपासणीत नाकारल्या जात होत्या. एका अभियंत्याने सुमारे सहा तास आधी वेगळ्या कामासाठी हाताने घेतलेला स्नॅपशॉट होता, म्हणून बाकीचे वाचले. कंपनीने हे सगळे स्वतःच खुलेपणाने प्रसिद्ध केले, आणि त्यासाठी मला त्यांच्याविषयी आदर वाटतो.

आपण यातून घ्यायचे ते असे की, अपयश झाल्यावर निरोप पाठवणारी व्यवस्था पुरेशी नाही, कारण यंत्रच बंद असेल तर निरोप कोण पाठवणार? व्यवस्था उलटी असावी. बॅकअप यशस्वी झाला की स्क्रिप्टच्या शेवटच्या ओळीत हेल्थचेक्ससारख्या बाहेरच्या सेवेला एक हाक द्यावी, आणि ठरलेल्या मुदतीत हाक आली नाही तर त्या सेवेने आपल्या फोनवर सूचना द्यावी. लॅपटॉप रोज उघडत असाल तर दोन दिवसांची मुदत ठीक आहे. ती हाक मधल्या कोणत्याही पायरीत चूक झाली तरी जाणार नाही, अशा रीतीने स्क्रिप्ट लिहावी. शेलमध्ये चुकीवर थांबण्याचा पर्याय सुरुवातीलाच चालू करावा आणि पाइपमधली चूकही पकडली जाईल असे पाहावे.

रिस्टोरची चाचणी

रेस्टिकची तपासणीची आज्ञा नुसती चालवली तर ती मुख्यतः नोंदींची रचना पाहते, साठवलेला सगळा डेटा वाचत नाही. डेटाचा काही भाग वाचण्याचा पर्याय तिच्यात आहे. दर महिन्याला बारा भागांपैकी एक असे क्रमाने दिले तर वर्षभरात सर्व काही एकदा वाचून होते आणि जुन्या डिस्कवर एकदम ताणही येत नाही.

त्यापलीकडे, दर तीन महिन्यांनी खरी चाचणी घ्यावी, आणि ती मूळ लॅपटॉपवर घेऊ नये. मूळ लॅपटॉपवर की, पासवर्ड आणि सेटिंग आधीपासून असतात, त्यामुळे त्यातले काय बॅकअपमध्ये राहून गेले ते कळत नाही. दुसरे कोणतेही यंत्र किंवा नवे आभासी यंत्र घ्यावे, तिथे रेस्टिक बसवावे आणि फक्त कागदावर लिहून ठेवलेल्या माहितीच्या आधारे रिपॉझिटरी उघडून पाहावी. एक चालू प्रकल्प रिस्टोर करून तो बिल्ड करावा आणि त्याच्या चाचण्या चालवाव्यात. पोस्टग्रेसचा डम्प रिकाम्या कंटेनरमध्ये भरून एखाद्या मोठ्या तक्त्यातल्या नोंदी मोजाव्यात आणि मूळ संख्येशी ताडून पाहाव्यात. घरातल्या छायाचित्रांपैकी दहा-पंधरा कुठूनही उचलून उघडावीत. या सगळ्याला किती वेळ लागला तेही लिहून ठेवावे, कारण डिस्क गेल्याच्या दिवशी ऑफिसला काय उत्तर द्यायचे ते त्यावरून ठरते.

एवढे झाल्यावर एकच प्रत घराबाहेर न्यायची उरते, कारण चोरी, आग किंवा पुराच्या पाण्यात लॅपटॉप आणि सर्व्हर एकाच वेळी जाऊ शकतात. दुसरी डिस्क घेऊन तिच्यावर रेस्टिकच्या कॉपी आज्ञेने स्नॅपशॉट उतरवावेत आणि ती भावाकडे, आईवडिलांकडे किंवा बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावी. दर तिमाहीच्या चाचणीच्या वेळी ती आणून अद्ययावत करावी. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असल्यामुळे ती दुसऱ्याच्या घरी ठेवायला संकोच वाटण्याचे कारण नाही. पासवर्ड हरवला तर मात्र रेस्टिकच्या निर्मात्यांनाही तो डेटा उघडता येत नाही, म्हणून रिपॉझिटरीचा पासवर्ड, सर्व्हरचा पत्ता आणि रिस्टोरच्या चार पायऱ्या कागदावर सुवाच्य अक्षरांत लिहून तो कागद डिस्कपासून वेगळ्या जागी ठेवावा, आणि तो कुठे आहे हे घरातल्या आणखी एका व्यक्तीला सांगून ठेवावे.